दोन्ही तास 'फिझ.'

७ ऑक्टोबर, सोमवार

फिझिकाचे, म्हणजे भौतिकशास्त्राचे सर, तुर्दुबाय-अगाय मॉस्कोला गेले. तिकडे टॅक्सी चालवणार. शाळा सुरू होऊन महिना झाला आणि अकरावीला सर नाहीत.

मुख्याध्यापिका रायकान-एजेंनी बोलावलं. म्हणाल्या, अनारकुल, वेळापत्रक बघ, तुझ्या नावापुढे काय लिहिलंय? म्हटलं, फिझ. म्हणजे फिझरा, खेळाचा तास. म्हणाल्या, आणि फिझिकाच्या रकान्यात? तिथेही फिझ. मग म्हणाल्या, आता मी नवा कागद रंगवत बसू का? दोन्ही तूच घे.

मी एका श्वासात हो म्हटलं. दुसरी असती तर घाबरली असती. फिझिका म्हणजे शेवटी काय? पळणं, फेकणं, ढकलणं, पडणं. वीस वर्षं मी हेच शिकवते आहे. फक्त अक्षरं घालत नव्हते.

संकल्प: नव्या वर्षाच्या आत उदाहरणांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवायचं. रोज पहाटे. चहाच्या आधी.

आमची बेर्मेत याच वर्गात आहे. तिला बिश्केकच्या पॉलिटेक्निकला जाऊन पूल बांधायचेत. आपल्या नदीवरच्या पुलावर मेंढरं आली की गाडी अडकते, एवढ्यावरून हे खूळ. प्रवेश परीक्षेला फिझिका लागते, म्हणून हिवाळाभर नारिनला मावशीकडे राहून क्लास लावते म्हणत होती. मी सांगितलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? घरात शिक्षिका आहे, रोज संध्याकाळी बसू. शिवाय नारिनला थंडी फार.

पोरगी आनंदाने गप्प झाली.

८ ऑक्टोबर, पहाटे

फळ्यावर अजून अगायांच्या अक्षरातल्या तीन ओळी आहेत. दिलेले. काढायचे. उत्तर. इतकं सोपं! हीच पद्धत घरालाही लावणार आहे. दिलेले: तीन बटाटे. काढायचे: चार माणसांचं जेवण.

पाठ व्हावं म्हणून चुलीपाशी मोठ्याने म्हणत होते, दिलेले, दिलेले. सासूबाई, म्हणजे आमच्या एने, दाराआडून धावत आल्या. कुणाला दिली? बेर्मेतला कुणाला दिली? मला न विचारता? पोरगं कुणाचं आहे? दारू पितं का?

त्यांना फिझिका समजावली. म्हणाल्या, म्हणजे अजून दिलेली नाही ना? मग सकाळी सकाळी अभद्र कशाला बोलतेस.

आजचं उदाहरण राहिलं.

१० ऑक्टोबर

पहिला तास. गळ्यात शिट्टी घालून गेले, कारण शिस्त ही दोन्ही विषयांना सारखीच.

उदाहरण: उलाकच्या खेळात दोन घोडेस्वार एका बोकडाचं धड दोन बाजूंनी ओढतात. प्रत्येकाचं बल चारशे न्यूटन. धडातला ताण किती? मी लिहिलं, आठशे. दोघं ओढतायत, दोघांची बेरीज. बेर्मेत उठून म्हणाली, एजे, चारशे. (घरी मी अपा, म्हणजे आई; शाळेत ती मला एजे, म्हणजे बाई, म्हणते, अहोजाहो करते. फार गोड वाटतं.) मी म्हटलं, मग दुसरा स्वार काय वारा खायला आलाय? म्हणाली, दुसरा नसता तर धड पहिल्याच्या मागे निघून गेलं असतं, ताण आलाच नसता. मी शिट्टी वाजवली.

घरी मेलिसला विचारलं. नवरा असला तरी तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून उलाक खेळलेला आहे. म्हणाला, अगं, माझ्या मांडीखालचा बोकड कुणाच्या बापाला ओढता आला नाही, आकडा काय विचारतेस? म्हणजे तोही चारशे म्हणाला नाही.

बेर्मेतने दोन ताणकाटे एकमेकांत अडकवले, एक मला धरायला दिला, एक बापाला. दोन्हींवर एकच आकडा आला. बेरीज कुठेच नव्हती. काटे गंजलेले आहेत.

२४ ऑक्टोबर

नवी योजना. पहाटे उठवत नाही, कारण पहाट. म्हणून अकरावीच्या फिझराच्या तासाला मी सामानाच्या खोलीत बसून पुढच्या फिझिकाच्या तासाची तयारी करणार. मुलांना सांगितलं, आपापला व्हॉलीबॉल खेळा, मोठे झालात. पोरं एका सुरात हो म्हणाली. बेर्मेत सगळ्यात मोठ्याने.

खोलीत गाद्या आहेत. अभ्यासाला चांगली जागा. थोडी झोप लागली.

१५ नोव्हेंबर

शिट्टी हरवली. काल फिझिकाच्या तासाला तीनदा वाजवली होती, नक्की आठवतं, कारण बेर्मेत तीनदा बोलली होती. एनेंना विचारलं. म्हणाल्या, मी काय मेंढपाळ आहे? मेलिसला विचारलं. म्हणाला, देवाने ऐकलं. बेर्मेतला विचारलं नाही, ती अभ्यास करत होती.

शिट्टीशिवाय तास घेतला. पोरं आज जरा जास्तच प्रश्न विचारत होती.

८ डिसेंबर, रविवार

गतिज ऊर्जा. सूत्र: अर्धा m v वर्ग. हा 'वर्ग' मला पहिल्यापासून संशयास्पद वाटतो. वेग दुप्पट केला तर ऊर्जाही दुप्पट होणार, चौपट कशी होईल? दुप्पट पळणारा मुलगा काय चौपट दमतो? बेर्मेत म्हणाली, चौपटच होते. मी म्हटलं, पुस्तकावर आंधळा विश्वास ठेवणारी माणसं पूल बांधतात आणि मग ते पडतात. आपण प्रयोग करू.

उद्या गोठलेल्या नदीकाठच्या मैदानावर. घसरगाडीवर मी स्वतः बसणार. मेलिस घोड्याने ओढणार. खुणेपाशी मी दोर सोडणार. एकदा घोडा दुडक्या चालीत, एकदा दुप्पट वेगाने. रायकान-एजेंनाही बोलावलंय. शिक्षिकेने मैदानात उतरून शिकवलेलं त्यांना बघू दे.

१० डिसेंबर, अंथरुणात

पहिली फेरी उत्तम. दोर सोडल्यावर घसरगाडी जिथे थांबली तिथे निळं निशाण लावलं. त्याच्या बरोबर दुप्पट अंतरावर लाल निशाण रोवलं आणि सांगितलं, दुसऱ्या फेरीत मी इथे थांबेन. रायकान-एजेंना लाल निशाणाच्या थोडं मागे उभं केलं, नीट दिसावं म्हणून.

दुसऱ्या फेरीआधी मेलिसने विचारलं, बेताने ना? मी म्हटलं, फिझिकात बेत नसतो.

लाल निशाण मी पाहिलं. शेजारून गेलं. रायकान-एजे बाजूला उडी मारू शकल्या, हे वीस वर्षांच्या फिझराचं यश आहे. त्यांच्या मागे त्यांच्याच हिवाळ्याच्या शेणाच्या गोवऱ्यांची रास होती. ती नसती तर मी अजून जात असते.

घोटा मुरगळला. बर्फ नेहमीपेक्षा गुळगुळीत होता.

संध्याकाळी बेर्मेतने पायाला चरबी चोळली. चोळता चोळता म्हणाली, अपा, चौपट अंतर झालं असतं बघ, गोवऱ्या मध्ये आल्या. मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, माझं वजन वर्गात सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला हिशोब जमला नसेल. म्हणाली, वजन लागतच नाही. दोन्ही बाजूंना m येतो. कटतो.

मी कटते! वीस वर्षं नोकरी, एक नवरा, एक सासू, एक मुलगी, आणि एका रेघेत m कटतो. या विषयात माणुसकी नाही.

१४ जानेवारी

पुस्तक नव्या वर्षाच्या आत संपायचं होतं. कोणतं नवं वर्ष ते मी लिहिलं नव्हतं. अजून नवरूज आहे, मार्चमधे.

घोट्यामुळे फिझराच्या तासाला सामानाच्या खोलीतच बसते. पाय गादीवर. मुलं मात्र काय शहाणी झालीत! आरडाओरडा नाही, बॉल आपटल्याचा आवाज नाही. आज डोकावले तर जिमच्या जमिनीवर सगळीकडे खडूने बाण काढलेले. वर बाण, खाली बाण, तिरके बाण. माझी मुलं व्हॉलीबॉलचे डावपेच आखतायत! तुर्दुबाय-अगायांच्या काळात असं कधी झालं होतं का?

२९ जानेवारी

आज जिममधे लांब बाक भिंतीच्या शिडीला तिरका टेकवलेला, आणि पोरं त्यावरून एकेक बूट घसरवत होती. आधी चामड्याचा, मग रबरी, मग लोकरीचा. बेर्मेत माझं स्टॉपवॉच घेऊन उभी. विचारलं, हे काय? एक म्हणाली, एजे, चपळाई. मी म्हटलं, बुटाची? सगळी हसली. मोकळी मुलं आहेत. मी रागावले नाही.

१२ फेब्रुवारी

जिममधून मोटारींचे हॉर्न ऐकू आले. मग पुरुषाचा आवाज: आता बघा, मी साठने जातोय, पुढे लाल दिवा, रस्त्यावर बर्फ, मी कुठे थांबेन? मग पुन्हा हॉर्न. मग तोच माणूस दुसऱ्या कुणालातरी रशियन भाषेत म्हणाला, उतरा, आलं तुमचं ठिकाण.

टॅक्सीवाल्यावरचा काहीतरी पिक्चर असणार. तासाला फोनवर पिक्चर बघणं चूक आहे, पण रस्त्यावरच्या सुरक्षेचा दिसतो, म्हणून आत गेले नाही. आवाज ओळखीचा वाटला. नट सगळे सारखेच बोलतात.

२१ मार्च, नवरूज

पुस्तकातली उदाहरणं आपल्या मुलांची नाहीत, म्हणून काल मी स्वतः एक रचलं. किझ कुमायच्या खेळाचं. घोड्यावर मुलगी पुढे, मुलगा मागून तिला गाठणार.

दिलेले: मुलीचा वेग सेकंदाला बारा मीटर. मुलाचा पंधरा. मुलगा दोन सेकंद उशिरा निघतो. काढायचे: तो तिला कधी गाठेल?

सगळ्या वर्गाचं उत्तर एकच आलं. आठ सेकंदांनी. मी सगळ्यांना चूक दिली.

ओरडले सगळे. माझं उत्तर: दिलेलं अपुरं आहे. मुलीला मुलगा आवडतो का, ते कुठे दिलंय? आवडत नसला तर ती घोड्याला टाच मारेल, बाराचे अठरा होतील, तो जन्मात गाठत नाही, वर परतीच्या वाटेवर चाबूक खातो. आवडत असला तर ती लगाम ओढते. हळूच. कुणाला दिसू न देता. मुलगी पकडली जात नसते, मुलगी थांबत असते. सूत्रात यासाठी अक्षर नाही, तर ती सूत्राची चूक.

पोरी बाकं बडवायला लागल्या. बेर्मेत बाकं बडवत नव्हती. हात उंच करून म्हणाली, एजे, तुम्ही लगाम ओढला होता का?

मी म्हटलं, वर्ग संपला.

ओढला होता. मेलिसचा घोडा लंगडत होता त्या दिवशी. अजून त्याला वाटतं त्याने गाठलं. सांगायचं नाही.

१९ एप्रिल

बेर्मेत म्हणाली, परीक्षेला थोडे दिवस राहिले, एवढे तरी मावशीकडे जाऊन येऊ का? मी म्हटलं, आता कशाला, आता तर आपलं घर्षण चाललंय. म्हणाली, अपा, खरं सांग, तू मला शिकवतेस की धरून ठेवतेस?

काय पण प्रश्न. या वयात मुलं काहीही बोलतात.

एने मधे पडल्या. अगं सूनबाई, शिंगरू बांधून वाढवतात का? मी म्हटलं, एने, तुम्ही फिझिकात बोलू नका. त्या म्हणाल्या, मी घोड्याबद्दल बोलतेय.

आजचा धडा: स्थितिक घर्षण. उभ्या वस्तूला कुणी ओढायला लागलं की हे बल उलट दिशेने तेवढंच उभं राहतं. ओढ वाढली की हेही वाढतं. पण त्याला एक मर्यादा असते. त्यापुढे वस्तू सुटतेच. चांगला धडा आहे. दोनदा वाचला. का कोण जाणे, पुढचं उदाहरण सोडवावंसं वाटलं नाही.

२५ मे, शाळेची शेवटची घंटा

पांढऱ्या फुलांचे गजरे केसात लावलेल्या मुली. मी रडले नाही. डोळ्यांत परागकण.

पुस्तक अर्ध्यापर्यंत आलं आहे. अर्ध्याच्या थोडं अलीकडे. परीक्षा झाली, म्हणून आता घाई नाही.

११ जून

निकाल! बेर्मेतला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळणार. फिझिकात आपल्या शाळेत इतके गुण कुणालाच मिळाले नव्हते. आणि वर्गातला एकही जण नापास नाही!

मी काय म्हणत होते? रायकान-एजेंना सांगितलं, माझी पद्धत आता इतर शाळांना द्यायला हवी. पुस्तिका काढू. नाव: 'मैदानातून फिझिका'. त्या गोवऱ्यांचं अजून विसरल्या नाहीत, तरी हो म्हणाल्या.

मेलिसने बकरी कापली. एने शेजारणींना सांगत होत्या, बुद्धी आमच्या घराण्याची. मी वाद घातला नाही. आनंदाचा दिवस.

१४ जून

निरोप समारंभ. वर्गातर्फे बेर्मेत बोलली. शेवटी म्हणाली, फिझिका शिकवल्याबद्दल तुर्दुबाय-अगायांचे आभार, आणि फिझराच्या तासांबद्दल अनारकुल-एजेंचे.

मला वाटलं घाबरून नावं उलटसुलट झाली. टाळ्या संपल्यावर दुरुस्त करायला उभी राहणार होते. तेवढ्यात वर्गाने एक मोठा फोन सगळ्यांसमोर उंच धरला, आणि त्यात तुर्दुबाय-अगाय, स्टिअरिंगमागे, डोळे पुसतायत. म्हणाले, अनारकुल-एजे, हिवाळाभर फिझराचा तास मला उसना दिलात, कुणी देतं का हो असं! आणि एक सांगू, तुमची ती घसरगाडी, वेगाचा वर्ग, ते मीसुद्धा इथे बर्फावर ब्रेक लावूनच शिकलो. मागून हॉर्न वाजले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रायकान-एजे म्हणाल्या, अनारकुल, हे तू सांगितलं नाहीस. मी म्हटलं, काही गोष्टी सांगायच्या नसतात.

घरी येताना एकेक आठवत गेलं. बाण. बूट. पिक्चर.

दारात बेर्मेतला विचारलं, मग रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून माझी उदाहरणं का सोडवायचीस? म्हणाली, तू मन लावून करायचीस. आणि अपा, खोटं नाही, तू जे लिहायचीस ते चूक का आहे हे शोधता शोधताच आम्हाला बरोबर काय ते कळायचं. अगायही म्हणायचे, आज एजे काय म्हणाल्या, तिथून सुरू करू.

म्हणजे पद्धत माझीच. फक्त पुस्तिकेत थोडा बदल करावा लागेल.

पुस्तिका काढणार नाही.

२० ऑगस्ट

वेळापत्रक लागलं. फिझिकाला नवी मुलगी येते आहे ओशहून. माझ्या नावापुढे 'फिझरा' असं पूर्ण लिहिलंय. शाई जाड.

बेर्मेतची बॅग भरते आहे. तिने तीन वेळा काढून ठेवलेली शाल मी तीन वेळा परत आत घातली. स्थितिक घर्षण.

२७ ऑगस्ट

सकाळी निघाली. मेलिस स्वतःच्या मिनीबसने बिश्केकला सोडणार. मी रडत नव्हते, पण एने म्हणाल्या, सूनबाई, मुलगी दिल्यासारखं तोंड करू नकोस. दिलेली नाही. निघाली आहे.

गाडी वळणावर गेली आणि वाटेत खायच्या बोरसोकची पिशवी चुलीपाशीच राहिलेली दिसली. मी स्वतः तळलेले, मी स्वतः ठेवलेले. घेऊन पळाले.

दिलेले: गाडी पुढे. मी पायी, मागून. एक घोटा कच्चा. काढायचे: मी तिला कुठे गाठेन?

कुठलंही पुस्तक म्हणेल, कुठेच नाही. पण मी गाठलं! पुलापाशी गाडी उभी होती. धापा टाकत जाताना एकच विचार, तिने लगाम ओढला. हळूच, बापाला दिसू न देता. मला माहीत होतं, उत्तर सूत्रात नसतं.

मेलिसने खिडकीतून डोकं काढलं. म्हणाला, बरी आलीस, ही बघ कटकट. पुलावर मेंढरं होती. डोंगरावरून खाली आणत होते, पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला. मेंढपाळ मागे कुठेतरी घोड्यावर डुलक्या घेत होता.

बेर्मेतला पिशवी दिली. तिने बॅगेच्या आतल्या कप्प्यात हात घालून काहीतरी काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं. माझी शिट्टी. म्हणाली, रागावू नको, नोव्हेंबरपासून माझ्याकडे आहे. माझ्याबरोबरच न्यायची होती, आठवण म्हणून. पण आता तुला लागेल.

मग पुलाकडे बघून म्हणाली, अपा, वाजव ना. तुझं ऐकतात सगळे.

शिट्टी गार होती.

वाजवली. मेंढरं हटली.